न्यूहेवनची छायाचित्रे : टिपलेली की रचलेली?

स्कॉटलंडच्या किनारी गावांवरील एका लेखात एडिनबराजवळच्या न्यूहेवनमधील कोळ्यांची छायाचित्रे ‘धावत्या दिनक्रमातून टिपलेली’ असल्याचे म्हटले आहे, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि छायाचित्रकार रॉबर्ट अ‍ॅडमसन यांनी ती १८४० च्या दशकात कॅलोटाइप पद्धतीने घेतली. या पद्धतीत रसायन लावलेल्या कागदावर प्रतिमा उमटायला इतका वेळ लागे की, भर उन्हातही माणसांना बराच काळ निश्चल राहावे लागे. म्हणूनच मासेविक्रेत्या स्त्रिया एकमेकींच्या खांद्यावर रेललेल्या दिसतात आणि होड्या वाळूवर ओढलेल्या असतात. भरसमुद्रातील मासेमारी त्यात दिसणे शक्यच नव्हते. तरीही पट्ट्यापट्ट्यांचे जाड घागरे आणि एडिनबरापर्यंत मासे वाहून नेण्याच्या वेताच्या टोपल्या ज्या बारकाव्याने उमटल्या आहेत, तो पाहून मी दर वेळी थक्क होतो. अ‍ॅडमसन १८४८ साली, अवघ्या सव्वीसाव्या वर्षी गेला, हे मनाला फार लागते. चित्रांतील काही कोळी स्त्री-पुरुषांची नावे आजही ज्ञात आहेत. ती लेखातील चित्रांखाली अवश्य द्यावीत, ही विनंती.