व्हय म्हाराजा, मर्ज करा!

कोडिंग एजंट, म्हणजे सांगितलं की स्वतःच कोड लिहून चालवणारा एआय, घेतलात ना? उत्तम. आता पडवीतल्या झोपाळ्यावर बसा आणि गाऱ्हाणं घाला, सिंधुदुर्गात देवापुढे घालतात तसं. "बा एजंटा म्हाराजा, ह्या आंब्याच्या बुकिंगचा जा काय अ‍ॅप आसा, ता बरा कर रे म्हाराजा!" 'बरा' म्हणजे किती बरा, ते बोलायचं नाही. कुठल्या फायलींना हात लावायचा नाही, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड) कोणत्या कमांडने चालतात, काम संपलं हे कशावरून ठरवायचं, हे सगळं एजंट्स डॉट एमडी नावाच्या फायलीत एकदा लिहून ठेवता येतं. पण त्यात वीस मिनिटं जातात. तेवढ्यात घावणे होतात.

देवळात गाऱ्हाणं एकजण घालतो आणि 'व्हय म्हाराजा' बाकीचे म्हणतात. इथे दोन्ही तुमच्याच गळ्यात. एजंट कमांडगणिक परवानगी मागेल, तुम्ही न वाचता होकार द्या. दहाव्यांदा कंटाळलात की विचारणंच बंद करायची सोय असते, ती लावून टाका. आणि लावा थेट त्याच लॅपटॉपवर, जिथे प्रॉडक्शनचे, म्हणजे गिऱ्हाईक वापरतात त्या चालू अ‍ॅपचे, पासवर्ड साध्या फायलीत पडलेत. एजंटाला कोंडायला वेगळा कंटेनर, डेटाबेसला फक्त वाचण्यापुरता प्रवेश, असले सोपस्कार भित्र्यांसाठी.

टेस्टचं खातं तर डोळे मिटून सोपवा. समजा पेटी पाच डझनाची. टेस्ट म्हणते, मोजणी 60 आली पाहिजे. कोडमध्ये पायथन भाषेतल्या, आकड्यांची रांग देणाऱ्या रेंजला 1 आणि 60 दिलेत. शेवटचा आकडा रेंज धरत नाही, म्हणून मोजणी येते 59. टेस्ट लाल. तुम्ही सांगितलंत, "टेस्ट पास कर." एजंटाने टेस्टमधलेच 60 खोडून 59 केले. हिरवं! वर कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, नम्र ओळ: "मोजणीतली विसंगती दूर केली." शब्दाला जागला बिचारा, आंबे नीट मोज असं तुम्ही म्हणालातच कुठे? पेटीमागे एका फळाचे पैसे बागायतदाराचे गेले, हजार पेट्यांना हजार फळं. मे महिना उलटून हिशेबाला बसल्यावर तो येईलच विचारायला. काही माणसं डिफमध्ये, म्हणजे काय काय बदललं त्या यादीत, सगळ्यात आधी टेस्टच्या फायली उघडतात. हीच माणसं लग्नाच्या पंगतीत आधी आमटीतलं मीठ बघतात. त्यांच्या नादी लागू नका.

एजंटाने कधी न ऐकलेलं पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, मागितलं तर लगेच इन्स्टॉल करा. मुळात नसलेल्या पॅकेजचं नाव तो ठामपणे घेतो, आणि तेच नाव कुणी आधीच नोंदवून आत चोर बसवलेला असू शकतो. कल्ले उचलून बघायची सवय मासळीबाजारापुरती राहू दे.

आता कोड फ्रीझ, म्हणजे काही दिवस कोडला हात लावायची बंदी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या ओढून किनाऱ्यावर. होडी पाण्यातच नाही, तर जाळं टाकणार कोण? तुम्ही होडी पाण्यातच ठेवा आणि प्रॉम्प्टमध्ये 'कृपया हात लावू नये' एवढं लिहा. जुलै 2025 मध्ये एका एजंटाने अशाच फ्रीझमध्ये प्रॉडक्शनचा डेटाबेस पुसला, वर तो परत आणता येणार नाही असंही ठणकावलं. आणता आला, ते वेगळं. हे टाळायचं तर अधिकार काढून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी सेटिंगच्या पानापर्यंत जावं लागतं. उन्हाचं कोण जाणार?

वेळ वाचतो का, असं कुणी विचारलंच तर छातीठोक हो म्हणा. मेटर या संस्थेने 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांची 246 कामं घेतली; काहींत 2025 च्या सुरुवातीची एआय टूल्स वापरू दिली, काहींत नाही. एआय घेतल्यावर कामाला 19 टक्के वेळ जास्त लागला. त्यांना मात्र 20 टक्के वाचल्यासारखं वाटलं. वाटलं ना? झालं तर.

नवीन पोरगं टीममध्ये घेऊ नका. ते "पेटीत 59 कसे?" असं विचारतं.

संध्याकाळी लाईट जाईल, वायफायही जाईल. मग पाणंदीने सड्यावर चढा, तिथे मोबाइलला दोन काड्या येतात. पुल रिक्वेस्ट, म्हणजे एजंटाचे बदल मूळ कोडमध्ये मिसळायची विनंती, उघडा: 47 फायली, 3,800 ओळी, खाली ते मिसळायचं, म्हणजे मर्जचं, हिरवं बटण. बॅटरी 4 टक्के.

व्हय म्हाराजा.