कथकच्या कार्यशाळेला निघालात? आधी पढंत करा

सुट्ट्या लागल्या की कथकच्या कार्यशाळांची पोस्टरं फिरायला लागतात. बाहेरगावचे गुरुजी, साथीला तबला आणि लहरा (तालाच्या आवर्तनभर फिरत राहणारी धून), तीन-चार दिवसांत एखादी आमद, दोन-तीन तोडे, एखादं परण अशा बांधलेल्या रचना. मंडळी फी भरून हौसेनं येतात आणि पहिल्याच तासाला उघडं पडतं की निम्म्यांना पढंत, म्हणजे हातावर ताल धरून बोल म्हणणं, जमत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्याची पढंत कच्ची, तो कार्यशाळेतून फक्त व्हिडिओ घेऊन घरी जातो.

आधीचा आठवडाभर रोज पंधरा मिनिटं काढा. सोळा मात्रांचा तीनताल टाळी-खालीसकट (टाळी १, ५, १३ वर, खाली ९ वर) ठाय, दुगुन, चौगुन, म्हणजे मूळ, दुप्पट आणि चौपट गतीत म्हणा. पाय नकोत, फक्त तोंड आणि हात. लहऱ्यावर म्हणा, कारण कार्यशाळेत तबलजी तुम्हाला ठेका मोजून दाखवत बसणार नाहीत.

हे का, तर एक साधी तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपणारा तुकडा, घ्या. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम (मोकळी मात्रा), परत पाच, परत एक दम, शेवटचे पाच. समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून उचलली तर बरोबर सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर येते. एक दम खाल्ला की सोळाव्यावर आदळता, दोन्ही खाल्ले की पंधराव्यावर. पाय बरोबर पडत असतात, हात चालत असतात, चूक असते ती न वाजलेल्या मात्रेत. म्हणून वहीत नुसते बोल उतरवून भागत नाही. मात्रांचे विभाग पाडा आणि दमाच्या जागी ऽ लिहा. घरी जाऊन 'इथे काय होतं बरं?' असं ज्या ओळीवर होतं, तिथे हमखास ऽ राहिलेला असतो.

घुंगरांचं वेगळंच. एका पायात शंभर धरले तर चाळीस जणांच्या वर्गात आठ हजार घुंगरू होतात! त्या कल्लोळात नवीन बोल कुणालाच ऐकू येत नाहीत. गुरुजी सांगेपर्यंत बांधू नका, आणि बांधल्यावर ते बोलत असताना पाय हलवू नका. दोरी आदल्या दिवशी ओढून बघा. झिजलेली दोरी चकरीतच तुटते आणि सुटलेला घुंगरू शेजारणीच्या तळव्याखाली जातो. पलाझो नको, चुडीदार घाला, पायाचा घोटा दिसला पाहिजे. ओढणी तिरकी घेऊन कमरेला घट्ट बांधा, अंगठ्या-पैंजण घरी ठेवा. तळव्यांना पावडर लावणाऱ्यांना तर हात जोडून विनंती: तुमचे पाय सुटे होतात, पण बाकीच्यांची फरशी निसरडी होते.

आता वागण्याचं. जायच्या आधी आपल्या गुरूंना सांगा, लपवून जाऊ नका. दुसरीकडे शिकणं हा काही द्रोह नाही. १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू करणाऱ्या रोहिणीताई भाटे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या दोन्ही गुरूंकडे शिकल्या होत्या. पण तिथे गेल्यावर 'आमच्याकडे हात असा घेतात' हे वाक्य गिळा. लखनौ घराण्याचा हात आणि जयपूर घराण्याचा हात वेगळा असणारच, तोच तर बघायला गेलात.

पुढची रांग कुणाच्या नावावर नसते. थोड्या वेळानं आपणहून मागे जा. शेजारणीला दुरुस्त करायला जाऊ नका, गुरुजी बसलेत ना! चकरी घेताना जागा सुटते, म्हणून दोन्ही हात पसरून अंतर आधीच घ्या. शंका खंड संपल्यावर विचारा, आणि विचारताना 'ते मधलं' म्हणू नका, बोल म्हणून दाखवा. तबल्यावरून ओलांडून जाणं, त्याच्याजवळ पाण्याची बाटली ठेवणं, हे कथक शिकणाऱ्याला सांगावं लागू नये. पण लागतं.

व्हिडिओ परवानगीशिवाय नाही. मिळालीच तर शेवटची पढंत घ्या, तीच उपयोगी पडते. तो व्हिडिओ ग्रुपवर टाकायची परवानगी वेगळी मागावी लागते. रचना रंगमंचावर करायची असेल तर आधी फोन करून विचारा, आणि निवेदकाच्या कागदावर रचनाकाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहून द्या. त्याच्यावर सोपवलंत की नेमकं तेवढंच गळतं.