चालू होऊ शकणारं आर्केड मशीन रिकामं करून त्यात एलसीडी बसवू नका, प्लीज

आज जरा मोठं लिहितोय, कारण हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय आणि एकदाचं बोलून टाकायचंय.

हल्ली एक फोटो सारखा दिसतो. जुनं उभं आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायचं लाकडी मशीन, बाहेरून मस्त रंगवलेलं, कडेला नवीकोरी पट्टी, वरती नावाची पाटी झगमगतेय, आणि आतून पिक्चर ट्यूब, मूळ बोर्ड, पॉवर सप्लाय, वायरिंग सगळं उपसून टाकलेलं. त्या जागी एलसीडी आणि एक छोटा कॉम्प्युटर. खाली लिहिलेलं असतं, ‘पूर्ण रिस्टोअर केलं, आता यात हजारो गेम्स चालतात’. मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा काढून टाकलेल्या सामानाचाही फोटो असतो आणि ते सामान बघून कळतं की अरे, हे तर चालू झालं असतं!

आधीच सांगतो, मेमच्या (MAME, जुने आर्केड गेम्स साध्या कॉम्प्युटरवर चालवणारा एम्युलेटर प्रोग्रॅम) विरोधात मी अजिबात नाही. १९९७ साली निकोला सालमोरिया या इटालियन माणसाने तो एम्युलेटर पहिल्यांदा बाहेर काढला आणि तेव्हापासून जगभरच्या लोकांनी हजारो गेम्सचा कोड त्याच्या निमित्ताने जपून ठेवलाय, त्याचे उपकार आपल्या छंदावर फार मोठे आहेत. मी स्वतः बोर्ड दुरुस्त करताना रॉम चिप (गेमचा कोड साठवलेली चिप) वाचून घेतो आणि मेमकडच्या नोंदीशी ताडून बघतो, एक बाइट जरी वेगळा निघाला तरी चिप गेली हे लगेच कळतं. पण कोड जपला म्हणजे मशीन जपलं असं होत नाही, आणि माझं सगळं म्हणणं इथंच आहे.

स्पेस इन्व्हेडर्स घ्या. १९७८, ताइतो कंपनी, बनवणारे तोमोहिरो निशिकादो. आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर. पडदाभर एलियन काढता काढता त्याची दमछाक व्हायची, मग जसजसे एलियन मरत जातील तसं काम हलकं होऊन उरलेले जोरात पळायला लागायचे, आणि निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. म्हणजे शेवटचा एलियन मारताना हाताला जो घाम फुटतो तो त्या चिपच्या ताकदीच्या मर्यादेतून आलाय. आणि पडदा तर ब्लॅक अँड व्हाइट! रंग दिसतात ते ट्यूबवर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. उभ्या कॅबिनेटमध्ये ट्यूब खाली आडवी झोपवलेली असते, चित्र आरशातून दिसतं आणि मागे चंद्राचा देखावा छापलेला असतो, त्यावर ते एलियन हवेत तरंगल्यासारखे दिसतात. आवाजाचंही तेच, त्यासाठी बोर्डवर वेगळं अ‍ॅनालॉग सर्किट आहे. आता यातली ट्यूब, आरसा आणि तो बोर्ड काढल्यावर राहिलं काय? लाकूड!

किंवा १९७९ चा अटारीचा अ‍ॅस्टेरॉइड्स. त्याची ट्यूब टीव्हीसारखी ओळीओळीने चित्र काढतच नाही, इलेक्ट्रॉनचा झोत सरळ रेषा मारत फिरतो, त्याला व्हेक्टर मॉनिटर म्हणतात. गोळी सुटते तेव्हा झोत त्या एका ठिपक्यावर रेंगाळतो आणि तो ठिपका एवढा लख्ख पेटतो की अंधाऱ्या खोलीत डोळ्याला जाणवतो. ज्याने हे एकदा प्रत्यक्ष बघितलंय त्याला मोठ्यात मोठ्या एलसीडीवर हा गेम दाखवा, तो दोन मिनिटांत उठतो. पॅकमॅनचंही तसंच, जॉयस्टिक फक्त चार दिशांची, त्या जागी आठ दिशांची बसवली की वळणावर हमखास अडकायला होतं आणि लोक म्हणतात काय बेकार गेम आहे. अरे गेम बेकार नाहीये, जॉयस्टिक चुकीची आहे!

आता लोक ट्यूब काढण्याची कारणं देतात. जड आहे, धोका आहे, पार्ट मिळत नाहीत. जड आहे, मान्य. धोक्याचं मात्र नीट सांगतो कारण यात कुणी सहज म्हणून हात घालू नये. मोठ्या रंगीत ट्यूबला चालू असताना वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि मशीन बंद करून प्लग काढला तरी चार्ज आत शिल्लक राहू शकतो. ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपी असते, तिच्याखाली हा दाब आत जायची जागा, म्हणजे अ‍ॅनोड. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला जाड वायर बांधायची, वायरचं दुसरं टोक मॉनिटरच्या लोखंडी फ्रेमला क्लिप करायचं, एक हात पाठीमागे ठेवायचा आणि टोक हळूच टोपीखाली सरकवायचं. कधी ‘टच्’ आवाज येतो, कधी काहीच येत नाही, आवाज आला नाही तरी थोडं थांबून पुन्हा करायचंच. आणि पहिल्यांदा करताना शेजारी अनुभवी माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे, व्हिडिओ बघून एकट्याने करू नका. ट्यूबची मागची मान पण काचेची आणि नाजूक असते, तिला धक्का लागून हवा आत गेली की ट्यूब संपली.

पण हे सगळं शिकता येतं. आणि एकदा मॉनिटरचा चासी (ट्यूब चालवणारा सर्किट बोर्ड) बाहेर काढून टेबलावर घेतला की लक्षात येतं की बहुतेक आजार साधे असतात. चित्र वाकतंय, बारीक झालंय, कडेला लाटा येतायत, तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेत. त्या त्या मॉडेलचा कपॅसिटरचा सेट मिळतो, एकेक काढून बदलत जायचं, फक्त मायनसची बाजू बघून. कधी रंगच गायब असतो, आणि माणूस ट्यूब गेली म्हणून मोकळा होतो. जरा भिंग घेऊन कनेक्टरच्या पिना बघा. पिनभोवतीच्या सोल्डरमध्ये केसासारखी बारीक गोल चीर असते, चाळीस वर्षं गरम-गार गरम-गार होऊन पडलेली. तिथं नवीन सोल्डर दिलं की लाल रंग परत येतो. काय वाटतं त्या क्षणी ते ज्याने केलंय त्यालाच विचारा!

बोर्डाचंही तेच. सगळ्यात आधी, मशीन घरी आणल्या आणल्या प्लग लावायचा नाही. बोर्ड सोडवून ठेवायचा, पॉवर सप्लायचे पाच व्होल्ट खरंच पाच आहेत का ते मीटरने बघायचं, मग पुढचं. त्यानंतर चिप्सचे सॉकेट, गंजलेले पाय, एज कनेक्टरवरचे (बोर्डाच्या कडेला वायरिंग जोडायची जागा) जळून काळे पडलेले पट्टे. रॉम चिपच्या डोक्यावर जी काचेची खिडकी असते ती अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने चिप पुसण्यासाठी, म्हणून तिच्यावरचा स्टिकर कधी काढायचा नाही, निघालेला असेल तर लगेच दुसरा लावायचा. एवढं करून गेम उठला नाही तर लॉजिक प्रोब (चिपच्या पायावर सिग्नल आहे का ते दाखवणारं पेनासारखं साधन) घेऊन रॅमपासून सुरुवात. वेळ लागतो, पूर्ण रविवार जातो, कधी कधी पुढचा पण. पण सर्किटचे नकाशे आजही मिळतात आणि साध्या लॉजिक चिप्सही मिळतात, खरी अडचण येते ती फक्त कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेल्या खास चिप्सची.

मग मी काय सगळं जुनंच ठेवा म्हणतोय का? नाही. कॅपकॉमचा सीपीएस-२ बोर्ड बघा. त्यात गेम उलगडायची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत ठेवलेली, बॅटरी मेली की गेम कायमचा बंद. २०१६ साली काही हौशी लोकांनी ती किल्ली पुन्हा बोर्डात भरायची पद्धत शोधून सगळ्यांसाठी खुली केली. तिथं आधुनिक इलाज करायलाच पाहिजे, नाहीतर बोर्ड जाणारच होता. जुन्या जड पॉवर सप्लायच्या जागी नवीन स्विचिंग सप्लाय लावला तरी माझी हरकत नाही, फक्त जुना काढलेला सप्लाय नाव लिहून कॅबिनेटच्या तळाशीच ठेवा. पुढच्या माणसाला परत लावता आला पाहिजे. माझा नियम एवढाच, जे केलं ते उलटं करता आलं पाहिजे. लाकडात नवीन भोकं पाडली, ट्यूबची फ्रेम कापली, की ते संपलं.

आणि मूळ म्हणजे नक्की काय हा प्रश्न पण आहेच, त्याच्यापासून मी पळत नाही. १९८१ चे पहिले डाँकी काँग हे निन्तेन्दोने अमेरिकेत न खपलेल्या रडार स्कोपच्या कॅबिनेटमध्येच घातले होते! मशीन चालवणारे धंदेवाले तर कायमच एका गेमचं कॅबिनेट दुसऱ्याला लावायचे, १९८५ ला जामा नावाचं ठरलेलं कनेक्टर आल्यावर तर बोर्ड बदलणं काही मिनिटांचं काम झालं. त्यामुळे ज्या कॅबिनेटचं आधीच चार वेळा रूपांतर झालंय, ज्याचा तळ पाणी पिऊन फुगलाय आणि आत काहीच उरलं नाहीये, त्यात तुम्ही खुशाल कॉम्प्युटर घाला, एलसीडी घाला, घरातली पोरं खेळू देत, मी टाळ्या वाजवीन. माझं भांडण आहे ते जिवंत ट्यूब आणि दुरुस्त होणारा बोर्ड काढून टाकण्याशी.

तरीही ते ‘काहीच उरलं नाही’ ठरवायच्या आधी एक करा. काळ्या रंगाने फासलेलं कॅबिनेट असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च कडेला भिंतीलगत धरून तिरपा प्रकाश टाका. जुनं चित्र स्टेन्सिलने रंगवलेलं असेल तर त्याच्या कडा वरच्या रंगाखालून उचललेल्या दिसतात. मी एकदा असा प्रकाश टाकला आणि काळ्याभोर बाजूवर पॅकमॅनची अख्खी बाह्यरेषा उठून आली. मग कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेत आधी ट्राय करून, कापडाने, प्लॅस्टिकच्या पातीने, घाई न करता वरचा थर काढत जायचं. खालचा पिवळा निघाला तो ओरखडे पडलेला, थोडा विटलेला निघाला आणि मी तो तसाच ठेवलाय. नवीन छापील स्टिकर लावायचा सल्ला खूप जणांनी दिला, पण तो रंग कारखान्यात लागलेला आहे, त्याला मी झाकणार नाही.

खरी टंचाई पुढे येणार आहे ती ट्यूबची, कारण आर्केडसाठी नव्या ट्यूब आता कुणी बनवत नाही. वर्षानुवर्षं तेच चित्र दाखवून जळलेली, गेमचा चक्रव्यूह कायमचा उमटलेली ट्यूब बदलायची तर जुन्या टीव्हीतली वापरता येते, पण मानेची जाडी, मागच्या पिनांची रचना आणि यॉकचा (मानेवर बसणारी, झोत वळवणारी कॉइल) रेझिस्टन्स जुळायला लागतो. म्हणून विनंती. १९ किंवा २५ इंची जुना ट्यूबचा टीव्ही कुणी टाकून देत असेल तर तो स्वतः उघडू नका, फक्त मागच्या लेबलचा, मॉडेल नंबरचा फोटो काढून मला मेसेज करा. चालू नसला तरी चालेल. काच फुटलेली नसली म्हणजे झालं, उचलून न्यायला मी येतो.