मेरी वॉरनचा खटला, आमच्या कट्ट्यावर

"ज्याच्या घरचं खाल्लं त्यालाच फासावर चढवलं तिनं. संपला विषय!" पश्यानं निकाल देऊन टाकला आणि कटिंग उचलला.

'ती' म्हणजे मेरी वॉरन. १६९२ सालचं सेलम, मॅसॅच्युसेट्सची इंग्रज वसाहत, चेटकाचे खटले. १९ जणांना फाशी झाली. बोट दाखवणाऱ्यांत नोकर पोरी बऱ्याच होत्या: मर्सी लुईस, सारा चर्चिल आणि जॉन प्रॉक्टरकडे राबणारी ही विशीतली मेरी.

मेघा लगेच उसळली. "अर्धवट सांगू नकोस. तिला झटके यायला लागल्यावर या मालकानं काय केलं? चरख्यापाशी बसवलं आणि बडवून काढीन म्हणाला."

"आणि झटके थांबले! दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडला की परत सुरू. सोंगच की!"

बडवण्याचा धाक हा पुरावा कधीपासून झाला, असं माझ्या मनात आलं. पण पश्या रंगात असताना मध्ये बोलण्यात अर्थ नसतो. शिवाय प्रॉक्टरबद्दल मलाही आदर आहे. सगळा गाव घाबरलेला असताना या पोरींना फटक्यांच्या खांबाला बांधा, असं म्हणायची छाती त्याचीच.

"पुढचं ऐक," मेघा म्हणाली. "एप्रिलमध्ये ती बरी झाली. प्रार्थनागृहात आभाराची चिठ्ठी लावली. बाकीच्या पोरी ढोंग करतात, असंही बोलून गेली. मग काय झालं?"

पश्या गप्प.

"१९ एप्रिलला तीच आरोपी! चौकशी करणाऱ्या न्यायाधीश हॅथॉर्ननं विचारलं, आत्तापर्यंत पीडित होतीस, आता पीडा देणारी कशी झालीस? ती म्हणाली, देवाची मोठी कृपा. त्यावर तो म्हणतो, दुसऱ्यांना छळणं ही कृपा वाटते का तुला? आता अशा माणसापुढे काय बोलशील तू?"

तुरुंगात मेरी म्हणाली होती, की झटक्यांत डोकं ठिकाणावर नसायचं, काय बोलत होते ते कळत नव्हतं. ते कुणाला नको होतं. चेटूक केल्याच्या कबुलीवर ठाम राहिलेल्या एकालाही सेलममध्ये फाशी झाली नाही. नाकारणारे मात्र लटकत होते. तिनं कबुली दिली, मालक-मालकिणीविरुद्ध साक्ष दिली. प्रॉक्टरला १९ ऑगस्टला फाशी झाली. त्याची बायको एलिझाबेथ गरोदर होती म्हणून वाचली.

त्याच दिवशी सारा चर्चिलचा म्हातारा मालक जॉर्ज जेकब्सही गेला. साराही आधी रडत सांगत होती, मी खोटं बोलले. ती म्हणाली, सैतानाच्या वहीवर हात ठेवला, म्हणजे त्याला सामील झाले, असं एकदा म्हटलं तर पाद्री नॉइस विश्वास ठेवतील. नाही ठेवला, असं शंभरदा सांगितलं तरी ठेवणार नाहीत! नोकर पोरीचं कोण ऐकतं आणि कधी ऐकतं, याचं इतकं नेमकं गणित मी कुठल्या वकिलाच्या तोंडूनही ऐकलेलं नाही.

"ठीक आहे, कोंडीत होती," पश्या जरा नरमला. "पण प्रॉक्टरच्या घराचं काय झालं? शेरीफनं पिंपातली बीअर ओतून पिंप नेलं, चुलीवरच्या भांड्यातलं कालवण सांडून भांडं नेलं. घरातल्या पोरांनी खायचं काय?"

"भांडं शेरीफनं नेलं ना?" मेघा म्हणाली. "मग तासाभरात एकदा तरी शिव्या त्याला घाल की."