लिबरेटर विमानं आपल्याला कुणी भेट दिली नव्हती

देवळी तालुक्यातल्या आमच्या गावात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. आठवडाभर त्यावर एक मजकूर फिरतोय: वायुसेनेला पहिली जड बॉम्बर विमानं इंग्रजांनी जाताना भेट दिली, आणि समुद्रावरची गस्त पहिल्यापासून नौदलाचीच, वायुसेनेचा तिच्याशी संबंध नाही. पोरं हे पाठ करायला लागली, म्हणून लिहितो.

आधी भेटीचं. ही विमानं म्हणजे अमेरिकन बी-२४ लिबरेटर, चार इंजिनांची. महायुद्धात अमेरिकेने ती उसनवारीच्या करारावर ब्रिटनला दिली होती. युद्ध संपलं तेव्हा ती पुन्हा उडू नयेत म्हणून इंग्रजांनी कानपूरला त्यांची मुद्दाम मोडतोड केली आणि ती तिथंच टाकून दिली. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या ढिगातलं एकेक विमान जेमतेम उडण्याजोगं केलं. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी ती तशीच बेंगळुरूला उडवत घेऊन गेले. तिथं ती नीट दुरुस्त झाली. धुऱ्यावर गंजत पडलेलं थ्रेशर दुसऱ्याचे पार्ट लावून ज्यानं चालू केलंय, त्याला ही मेहनत वेगळी सांगायला नको. अशी चाळीसच्या आसपास विमानं तयार झाली, आणि २ नोव्हेंबर १९४८ला वायुसेनेची ५ क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, त्यांच्यावरच उभी राहिली. १९७४मध्ये यातलंच एक विमान भारतानं ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयाला दिलं. भेट दिली ती आपण, त्यांना.

आता समुद्र. वायुसेनेचीच ६ क्रमांकाची स्क्वाड्रन १९५०च्या दशकापासून लिबरेटरवर बॉम्बरचं काम करायची आणि समुद्रावर टेहळणीही. १९६८पर्यंत लिबरेटर उडाली. एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन ही प्रवासी विमानंही या स्क्वाड्रनकडे आली होती, आणि १९७१च्या युद्धात अरबी समुद्रावर नजर ठेवायला हीच विमानं होती. लांब पल्ल्याची गस्त नौदलाकडे गेली ती १९७६मध्ये. हीच सुपर कॉन्स्टेलेशन नौदलाच्या ३१२ क्रमांकाच्या तुकडीला मिळाली. ती तुकडी आज पी-८आय ही सागरी गस्तीची विमानं उडवते. म्हणजे मजकुरातलं गस्तीचं आजचं चित्र बरोबर आहे, ‘पहिल्यापासून’ हा शब्द चूक आहे.

आणि ‘संबंध नाही’ हे तर आजही खरं नाही. ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला पुढे जहाजांवर मारा करणारी जॅग्वार लढाऊ विमानं मिळाली, ती अजूनही तिच्याकडेच आहेत.