सब्जेक्टची ओळ, कोरी ओळ आणि एक्सएसएलटी

नमस्कार. एक्सएसएलटीने (एक्सएमएल डेटापासून दुसरा मजकूर तयार करणाऱ्या भाषेने) ईमेल कसे बनवतो, यावरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, ईमेल बनवायला एक्सएसएलटी वापरणं म्हणजे मढं उकरणं, कारण आता ब्राउझरही ते काढून टाकताहेत. दोन, हेडरसकट (म्हणजे मजकुराच्या वरच्या सब्जेक्ट, सीसी वगैरे ओळींसकट) अख्खा मेल स्टाइलशीटमधून, म्हणजे एक्सएसएलटीच्या प्रोग्रॅममधून, काढणं चूक आहे. दुसरा आक्षेप सोळा आणे खरा. पहिला मात्र पटला नाही.

क्रोमने २०२५मध्ये जी घोषणा केली, ती ब्राउझरच्या आत चालणाऱ्या एक्सएसएलटीबद्दल होती. माझं काम सर्व्हरवर, सॅक्सन या एक्सएसएलटी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं. तिथे एक्सएसएलटीची २०१७ची ३.० आवृत्ती आहे, आणि एकाच फेरीत एचटीएमएल व साधा मजकूर अशा दोन्ही फाइली निघतात. एस्केपिंग (डेटातली ‘<’सारखी चिन्हं टॅग समजली जाऊ नयेत म्हणून बदलणं) तुमचं टेम्प्लेट इंजिनही करतं, मान्य. पण माझा डेटा मुळातच एक्सएमएल आहे. तो आधी जेसन या दुसऱ्या डेटा-स्वरूपात ओतायचा आणि मग टेम्प्लेटला द्यायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

आता हेडर. एका पतसंस्थेच्या ठेवीदारांना मेल जायचे. सीसीची ओळ मी ‘इफ’च्या अटीमध्ये घातली, पण तिच्या शेवटची नवी ओळ बाहेरच राहिली. ज्यांना सीसी नव्हता, त्यांच्या मेलमध्ये तिथे कोरी ओळ पडली. कोरी ओळ आली की हेडर संपले! खालचा कंटेंट-टाइप (हा मेल एचटीएमएल आहे असं सांगणारा हेडर) मजकुरात गेला आणि लोकांना नुसते टॅग दिसले. सकाळपासून फोन.

मराठी सब्जेक्टची तर वेगळीच गंमत. हेडरमध्ये ती साध्या इंग्रजी अक्षरांच्या तुकड्यांत बदलून (एन्कोड करून) घालतात, आणि अशा एका तुकड्याला ७५ कॅरॅक्टरांची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइटांचं, आणि ते बाइट इंग्रजी अक्षरांत मांडणाऱ्या बेस६४मध्ये ४ कॅरॅक्टरांचं. तुकड्याच्या दोन टोकांना लागणाऱ्या वेष्टणाच्या खुणांची १२ वजा केली की जेमतेम १५ चिन्हं उरतात, आणि मात्रा-वेलांट्याही त्यांतच मोजायच्या. ‘आपल्या ठेवीची मुदत’ एवढंही एका तुकड्यात मावत नाही. शिवाय एका चिन्हाचे बाइट दोन तुकड्यांत वाटता येत नाहीत. हे सगळं स्टाइलशीटमध्ये करायचा हट्ट मी धरला होता, तो आता सोडला.

आता स्टाइलशीट फक्त सब्जेक्टचा मजकूर आणि दोन्ही बॉडी (साध्या मजकुराची आणि एचटीएमएलची) देतं. मेल बांधण्याचं काम जकार्ता मेल या जावाच्या तयार लायब्ररीकडे. साधा मजकूर आधी, एचटीएमएल शेवटी. मूळ लेखातला तो भाग आज बदलतो.

साध्या मजकुरातले रकाने मात्र अजून सरळ येत नाहीत. ‘ठेवी’ची लांबी एक्सएसएलटी ४ सांगतं, डोळ्यांना अक्षरं दोनच दिसतात. म्हणून तिथे रकाने सोडून एका ओळीत एकच नोंद देतो.