‘सोन्याचा पाऊस’ निरुपद्रवी नाही

‘सोन्याचा पाऊस’ या प्रयोगाचा व्हिडिओ सध्या फिरतोय. सोबतचा मजकूर असा: ‘हे लेड आयोडाइड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे धोका शून्य. प्रयोग झाला की बेसिनमध्ये ओता.’

हे चुकीचं आहे, आणि गंमत म्हणजे ते चूक असल्याचा पुरावा त्याच व्हिडिओत आहे. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइडची द्रावणं मिसळली की लेड आयोडाइडचा, म्हणजे शिसं आणि आयोडीन यांच्या संयुगाचा, पिवळाधमक साका तयार होतो. तापवल्यावर तो दिसेनासा होतो, म्हणजेच विरघळतो. द्रावण जवळजवळ रंगहीन होतं. मग सावकाश थंड होताना पातळ षटकोनी पापुद्रे सुटतात आणि उजेडात चमचमत खाली येतात. मुळीच विरघळत नसतं, तर हा पाऊस पडलाच नसता!

थंड पाण्यातही लिटरमागे सुमारे ०.७ ग्रॅम विरघळतं. त्यात ३०० मिलिग्रॅमहून जास्त शिसं असतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे सुमारे ३० हजार पट. शिवाय वरच्या पाण्यात न वापरलेलं लेड नायट्रेट उरलं असेल तर ते वेगळंच, कारण ते पाण्यात सहज विरघळतं.

‘आयोडाइड जास्त घाला, सोनं जास्त मिळेल’ हा सल्लाही फसवा. फार जास्त झालं तर शिसं आणि आयोडाइड मिळून पाण्यात विरघळणारा संकुल आयन (विद्युतभार असलेला अणूंचा गट) बनतो आणि साका उलट विरघळू लागतो.

प्रयोग जरूर करा, पण प्रयोगशाळेत, हातमोजे घालून. उरलेलं सगळं, पाण्यासकट, ‘शिसे’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीत भरून घातक कचऱ्यात द्या.